हवापालट : डोंगरावरच्या हवेनं नेमकं कोण बरं झालं?

'हवापालट' हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत मात्र तो जवळजवळ औषधाचं नाव असल्यासारखा वापरला जायचा. लांबलेला ताप, हटत नसलेला खोकला, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, काहीही असो, डॉक्टर शेवटी म्हणायचे, "जरा हवापालट करून या." ज्यांना परवडायचं ते पाचगणी-महाबळेश्वर गाठायचे. ज्यांना परवडत नसे ते मामाच्या गावी जायचे.

आज त्या शब्दाची जागा 'वेलनेस'नं घेतली आहे. पसरणीचा घाट चढून वर गेलं की इको-रिसॉर्ट, वेलनेस रिट्रीट, डिटॉक्स अशा पाट्या दिसायला लागतात. हे काही आपल्याकडेच आहे असं नाही. मेक्सिकोत युकातान भागात माया लोकांच्या प्राचीन नगरांच्या अवशेषांजवळ अशीच हॉटेलं आहेत. तिथे 'तेमास्काल' नावाचं जुनं बाष्पस्नान पाहुण्यांना पॅकेजमध्ये मिळतं. साचा सगळीकडे एकच: थोडं जंगल, शेजारी पुरातन दगड, आणि इथे राहिलात तर बरं वाटेल हे आश्वासन.

मी मूळची सूक्ष्मजीवशास्त्राची. पीएच.डी. मात्र रोगांच्या इतिहासावर करते आहे, त्यामुळे हे आश्वासन ऐकलं की दोन प्रश्न एकदम पडतात. इतिहासाचा प्रश्न: हे पहिल्यांदा कुणी, कुणाला, कशासाठी दिलं? विज्ञानाचा प्रश्न: ते कुणी कधी तपासून पाहिलं का? या लेखात दोन्हींची उत्तरं एकाच नदीच्या काठानं शोधायची आहेत. कृष्णा जुन्या महाबळेश्वरला उगम पावते, वाई-कराड करत सांगलीला येते, आणि 'बरं होण्यासाठी जाऊन राहणं' या कल्पनेचा जवळजवळ सगळा इतिहास तिच्या खोऱ्यात सापडतो.

आधी लेणी, मग तीर्थं

खोऱ्यातला 'जाऊन राहण्याचा' सगळ्यात जुना पुरावा दगडात आहे. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात आणि वाईजवळ लोणारे परिसरात बौद्ध लेणी आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतली. त्यातले विहार म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या जागा: मधे मोकळं दालन, कडेला छोट्या खोल्या, खोलीत झोपायला दगडी ओटा. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी एका जागी मुक्काम करावा असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणतात.

हे काही आरोग्यधाम नव्हतं. पण बौद्ध संघाच्या नियमग्रंथात, म्हणजे विनयपिटकातल्या महावग्गात, औषधांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच ग्रंथात एक प्रसंगही आहे. अतिसारानं आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून राहिलेला असतो, कारण तो इतरांच्या काही उपयोगाचा उरलेला नाही. बुद्ध आणि आनंद त्याला स्वतःच्या हातानं धुतात, आणि बुद्ध संघाला बजावतात की माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची सेवा करा. केनेथ झिस्क या अभ्यासकानं तर असं मांडलं आहे की भारतीय वैद्यकाच्या घडणीत श्रमण आणि बौद्ध संघांचा वाटा मोठा होता. आपल्यापुरतं इतकं लक्षात ठेवू या: या परंपरेत महत्त्व जागेला नाही, शुश्रूषेला आहे.

नंतरच्या काळात नदीकाठची तीर्थं आली. पलूस तालुक्यातलं औदुंबर आणि खाली कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नरसोबाची वाडी ही दत्तसंप्रदायाची ठाणी. नृसिंह सरस्वतींनी औदुंबरला एक चातुर्मास काढला आणि वाडीला बारा वर्षं मुक्काम केला, अशी श्रद्धा आहे. त्यांच्यामागून लोक तिथे 'सेवेला' जाऊन राहू लागले. आजार, अपत्य नसणं, 'बाहेरची बाधा', कारणं अनेक. उपाय एकच, ठरावीक दिवस तिथे राहायचं, पहाटे नदीत स्नान, पारायण, माफक आहार. मिरजेत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा दर्गा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ प्लेगनं आजारी असताना या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, ही आख्यायिका मिरजेत आजही सांगतात. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांची कबर त्याच दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसाला तिथे गवई हजेरी लावतात.

तर, इंग्रज येण्याआधीच 'तिथे जाऊन राहा, बरा होशील' हे या खोऱ्याला पाठ होतं. मात्र तेव्हा श्रेय देवाला किंवा पिराला जायचं. हवेला श्रेय देणं नंतर सुरू झालं.

खंडाळ्याच्या बदल्यात एक डोंगर

१८२४ मध्ये साताऱ्याला असलेला कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी पीटर लॉडविक महाबळेश्वरच्या माथ्यावर पोहोचला. परतल्यावर त्यानं ही जागा गोऱ्या लोकांच्या प्रकृतीसाठी किती उत्तम आहे, हे सांगायला सुरुवात केली. इंग्रजी इतिहासात याला महाबळेश्वरचा 'शोध' म्हणतात. त्यावेळी तिथे देवळं होती, पुजारी होते, यात्रा भरत होत्या आणि डोंगरात माणसं राहत होती, हे वेगळं सांगायला नकोच. साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनी तिथे घर बांधलं आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांना रस्ता करायला राजी केलं. १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी आजारी युरोपियन सैनिकांसाठी तिथे आरोग्यस्थान सुरू केलं. १८२९ मध्ये महाराजांशी करार झाला. डोंगरावरची जागा कंपनीला मिळाली आणि तिच्या बदल्यात वाई भागातलं खंडाळा हे गाव महाराजांना. नव्या वस्तीचं नाव पडलं माल्कमपेठ.

एवढी घाई का? कारण मैदानात गोरे सैनिक लढाईपेक्षा तापानं आणि पटकीनं जास्त मरत होते. तोपर्यंत जंतूंचा पत्ता नव्हता. रोग दूषित हवेतून होतो, दलदल आणि कुजका पाला यांतून उठणारी विषारी वाफ माणसाला आजारी पाडते, असं तेव्हाचं वैद्यक मानायचं. मग उपाय उघड होता: त्या वाफेच्या वर जा. 'थंड हवेचं ठिकाण' या शब्दाचा उगम सहलीत नाही. तो या वैद्यकीय सिद्धांतात आणि लष्करी हिशेबात आहे.

सिद्धांत लंगडा असल्याचा पुरावाही तिथेच उभा राहिला. मुंबई सैन्याचे सरसेनापती सर सिडनी बेकविथ १८३१ च्या जानेवारीत महाबळेश्वरलाच तापानं वारले. त्यांच्या स्मारकाचा स्तंभ अजून आहे. लोक तिथे फोटो काढतात, पण आरोग्यासाठी वसवलेल्या गावातलं हे सुरुवातीचं एक मोठं स्मारक तापानं गेलेल्या माणसाचं आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

हे गाव चालवायला हात लागत होते. आग्नेय आशियातून आणलेले चिनी आणि मलायी कैदी इथल्या तुरुंगात ठेवले होते. बटाटे आणि विलायती भाज्या त्यांच्या हातून पिकल्या. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. आणि एक समाज होता धावडांचा. महाबळेश्वरच्या तांबड्या जांभ्या दगडातून लोखंड गाळणं हा त्यांचा धंदा. त्याला कोळसा लागायचा, म्हणजे लाकूड. जंगलाचे नियम आले, जळण महागलं, बाहेरचं स्वस्त लोखंड आलं, आणि भट्ट्या विझल्या. सातारा जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये हे थोडक्यात नोंदवलेलं आहे. पाहुण्यांच्या विश्रांतीसाठी डोंगर हिरवा ठेवायचा आणि डोंगरातल्या माणसाची भट्टी बंद करायची, हा सौदा 'इको' शब्दाच्या किती आधीचा आहे ते पाहा.

त्या हवेत नेमकं काय आहे?

आता थोडं भौतिकशास्त्र. पाचगणी-महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३०० ते १४०० मीटरवर आहे. दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे मुंबईपेक्षा इथे आठ-नऊ अंशांचा फरक पडतो. घामाघूम झालेल्या माणसाला भूक लागते, झोप लागते. हा फायदा खरा आहे.

दुसरा दावा असतो 'भरपूर ऑक्सिजन'चा. तो चूक आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे सारखंच, सुमारे २१ टक्के. पण उंचीवर हवेचा दाब कमी. १३०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ८५ टक्के भरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन वाढत नाही, थोडा घटतो. निरोगी माणसाला ते जाणवणारही नाही. पण फुप्फुसं आधीच खराब असलेल्या माणसाला 'ऑक्सिजन जास्त मिळेल' म्हणून डोंगरावर पाठवणं याला काही अर्थ नाही.

तिसरा दावा आता विसरला गेलाय, तो ओझोनचा. १८४० मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं या वायूला नाव दिलं आणि पुढची काही दशकं युरोपातली आरोग्यस्थानं 'आमच्याकडे ओझोन जास्त' म्हणून जाहिरात करत राहिली. आज आपल्याला माहीत आहे की श्वासातून जाणारा ओझोन फुप्फुसांना त्रास देतो आणि शहरांच्या प्रदूषण-मापनात तो वाईट यादीत असतो. एकच वायू, आधी औषध, आता प्रदूषक.

हिवतापाच्या बाबतीत मात्र माल्कमच्या लोकांचं निरीक्षण बरोबर होतं, कारण चुकीचं होतं. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसनं डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दाखवला. तो परजीवी डासाच्या शरीरात वाढायला ऊब लागते. थंडीत वाढ मंदावते आणि साधारण १६ अंशांच्या खाली जवळजवळ थांबते. डोंगरावर ताप कमी होता तो विषारी वाफ नव्हती म्हणून नाही, डासाला आणि परजीवीला थंडी मानवत नव्हती म्हणून. संशोधनात हे वारंवार भेटतं. अनुभव खरा असतो, पण त्याला लावलेलं कारण खोटं असतं. आणि चुकीच्या कारणावर उभा राहिलेला उपाय दुसऱ्या रोगाला लावला की फसतो.

पाचगणी: क्षयाचा डोंगर

तो दुसरा रोग म्हणजे क्षय. राजयक्ष्मा, टीबी.

महाबळेश्वरला वर्षाला साधारण सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने तिथे राहणं अवघड. त्या डोंगराच्या आडोशाला असलेल्या पाचगणीला पाऊस बराच कमी, म्हणून बारमाही वस्तीसाठी ती जागा पुढे आली. १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रजानं तिथे झाडं लावून, रस्ते आखून गाव वसवलं. मग शाळा आल्या, आणि शाळांच्या बरोबरीनं आजारी माणसं.

तिकडे युरोपात १८५० च्या दशकात हेर्मान ब्रेमर या डॉक्टरनं क्षयरोग्यांसाठी डोंगरातलं आरोग्यधाम सुरू केलं होतं. उंचीवर हृदय जोमानं चालतं आणि त्यानं क्षय हटतो, अशी त्याची समजूत. पुढे दावोससारखी गावं यावरच उभी राहिली. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जिवाणू शोधला. तेव्हा खरं तर 'हवेचा' सिद्धांत कोसळायला हवा होता. पण जिवाणू दिसला तरी त्याला मारणारं औषध हातात नव्हतं. त्यामुळे आरोग्यधामं बंद होण्याऐवजी वाढत गेली.

त्या लाटेत मुंबईचे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला बेल-एअर हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम स्थापन केलं, स्विस नमुन्यावर. अशा ठिकाणचा दिनक्रम जगभर साधारण सारखाच असे. व्हरांड्यात ओळीनं कॉट. सगळी दारं-खिडक्या उघड्या. तासन् तास पडून राहायचं. दूध, अंडी, लोणी, भरपूर जेवण. दर आठवड्याला वजन. थुंकी झाकणाच्या भांड्यात. हे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं. पैसे संपले की उपचार संपला.

मिरज: डोंगर नसलेलं आरोग्यधाम

नदीच्या खालच्या अंगाला वेगळी गोष्ट घडत होती. कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये भारतात आलेले डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय सुरू केलं. १८९७ मध्ये तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झालं. शस्त्रक्रियेसाठी या रुग्णालयाचं नाव इतकं झालं की मिरज ही वैद्यकीय नगरी बनली ती तेव्हापासून. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे आलं, त्यामागेही ही पूर्वपीठिका आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सांगली आणि मिरज यांच्या मधल्या माळावर वानलेस यांच्या नावानं क्षयरोग्यांसाठी वेगळं आरोग्यधाम उभं राहिलं. वानलेसवाडी हे नाव आजही त्या भागाला आहे. इथे डोंगर नव्हता. उंची पाचगणीच्या निम्मीही नाही. पाऊस तुटपुंजा, उन्हाळा कडक. होतं ते इतकंच: कोरडा मोकळा माळ, उघडे व्हरांडे, शुश्रूषेला शिकलेले हात, आणि जवळच मिरजेचं रेल्वे जंक्शन, ज्यामुळे लांबचा रुग्ण पोहोचू शकत होता.

माझ्या मते या इतिहासातला हा सगळ्यात बोलका भाग आहे. उंची हेच औषध असतं, तर वानलेसवाडीला काही अर्थच उरला नसता.

मद्रासचा निकाल

१९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, मग पीएएस आणि आयसोनियाझिड. औषधं आली तरी भारतापुढे प्रश्न होता: रुग्ण लाखो, कॉट काही हजार. सगळ्यांना आरोग्यधामात ठेवणं अशक्य. घरी गोळ्या दिल्या तर चालेल का? तज्ज्ञांना भीती होती की दाटीवाटीच्या घरात, अपुऱ्या जेवणावर, माणूस बरा होणार नाही आणि घरच्यांना लागण करेल.

मग हे तपासायचंच ठरलं. १९५६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासला केंद्र काढलं. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एक गट आरोग्यधामात: विश्रांती, चांगलं जेवण, परिचारिका. दुसरा आपल्याच घरी. दोघांना औषधं तीच, वर्षभर.

१९५९ मध्ये निकाल छापून आला. आरोग्यधामातल्या लोकांचं वजन जास्त वाढलं, पण रोग बरा होण्याच्या बाबतीत घरचा गट जवळपास बरोबरीनं उतरला. घरच्या रुग्णांच्या कुटुंबीयांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. कारण औषध सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्यानं घटते.

शंभर वर्षांचा जागतिक समज एका भारतीय शहरातल्या झोपडपट्टीनं खोटा ठरवला. पुढच्या काळात जगभरची आरोग्यधामं एकेक करून बंद झाली किंवा बदलली. पाचगणीचं बेल-एअर रेडक्रॉसकडे गेलं आणि नंतर एचआयव्हीबाधित रुग्णांच्या उपचारासाठी ओळखलं जाऊ लागलं. ज्या आजाऱ्याला इतर कुठे दार उघडत नव्हतं त्याला तिथे जागा मिळाली. त्या आगाशिवच्या काळातल्या धड्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट मला ही वाटते.

मग आरोग्यधामं निव्वळ फसवणूक होती का?

नाही. चाळणी लावली तर तीन खऱ्या गोष्टी हाती लागतात.

पहिली, खिडकी. २००७ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत एक अभ्यास झाला. उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या पद्धतीच्या वॉर्डांत, खिडक्या उघड्या ठेवल्या तर हवा इतकी खेळते की क्षयाच्या प्रसाराचा धोका नव्या बंदिस्त खोल्यांपेक्षा बराच कमी राहतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे हवेला महत्त्व होतंच. फक्त ती डोंगराची असण्याला नव्हतं, ती वाहती असण्याला होतं. आणि तिचा फायदा रुग्णापेक्षा त्याच्या शेजाऱ्याला जास्त.

दुसरी, जेवण. चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या प्रकरणात पौष्टिक आहारावर भर आहे. आरोग्यधामांनी तेच केलं. मद्रासच्या प्रयोगानं दाखवलं की औषध चोख असेल तर जेवणाविना रोग बरा होऊ शकतो. पण घरातल्या इतरांचं काय? २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये झारखंडमधला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या कुटुंबीयांना महिन्याचं जादा रेशन दिलं, तेव्हा त्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयात तर ४८ टक्क्यांनी. लस नाही, नवं औषध नाही. मुख्यतः तांदूळ आणि डाळ.

तिसरी, वेळ. कामावरून सुट्टी घेऊन पडून राहण्याची मुभा, आणि विचारपूस करणारं माणूस.

खिडकी, जेवण, वेळ. तिन्हींसाठी घाट चढावा लागत नाही. आणि तिन्ही गोष्टी गरिबाकडे नसतात.

हे गांधीजींनी वेगळ्या वाटेनं ओळखलं होतं. तुरुंगातून सुटल्यावर १९४४ च्या जुलैत ते प्रकृतीसाठी पाचगणीला 'दिलखुश' बंगल्यात राहिले होते. पण १९४६ मध्ये निसर्गोपचाराचं केंद्र काढायचं ठरलं तेव्हा त्यांनी डोंगर निवडला नाही. पुण्यासारखं शहरही नको म्हणाले, कारण गरीब माणूस तिथवर येणार नाही. त्यांनी उरुळी कांचन हे साधं गाव निवडलं. आजच्या वेलनेस पॅकेजमधलं बरंचसं, म्हणजे मातीचे लेप, कटिस्नान, उपास, साधा आहार, या परंपरेतून आलेलं आहे. फक्त 'गरिबासाठी' हे दोन शब्द वाटेत गळून पडले.

आज

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये केंद्र सरकारनं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. सांगलीच्या बाजूचं चांदोलीही त्यात. या डोंगराची किंमत त्यावर उगम पावणाऱ्या नद्यांत आणि कातळावरच्या इवल्या फुलांत आहे. तिथे जरूर जावं. थंड वाटतं, झोप लागते, मन हलकं होतं. यासाठी 'डिटॉक्स'चं कारण द्यायची गरज नाही. शरीरातली विषद्रव्यं बाहेर काढायला यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस कामावर असतातच, आणि ती सांगलीतही तेवढीच चालतात.

पण एक अदलाबदल नोंदवून ठेवावीशी वाटते. दोनशे वर्षांपूर्वी या डोंगरावर आजारी माणूस बरा व्हायला जायचा. आता धडधाकट माणूस आणखी बरं वाटायला जातो. आजारी माणूस खालीच राहिला. क्षयाच्या रुग्णाला सरकार 'निक्षय पोषण योजने'त आहारासाठी महिन्याला पैसे देतं. २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले. कोणत्याही बऱ्या रिसॉर्टचं एका रात्रीचं भाडं या आकड्याशेजारी मांडून बघा.

दरवर्षी हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड कामगार सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर येतात. नदीकाठच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या बांधून राहतात. त्यातल्या कुणाला क्षय झाला तर गोळ्या किमान सहा महिने घ्याव्या लागतात, आणि तेवढ्या काळात त्याचं गाव बदलतं, आरोग्य केंद्र बदलतं, हजेरी चुकली तर मजुरी जाते. त्याचा हवापालट दरवर्षी होतोच. त्याला हव्या आहेत त्या बाकीच्या दोन गोष्टी, जेवण आणि वेळ. आणि कोपीला खिडकी नसते.

संशोधनाची एक अडचण सांगून थांबते. गॅझेटियर अधिकाऱ्यांनी लिहिलं, आरोग्यधामांचे अहवाल डॉक्टरांनी. कॉटवर पडून राहिलेल्या माणसाचा आवाज त्यात जवळजवळ नाही. तुमच्या घरात पाचगणीहून किंवा वानलेसवाडीहून आलेलं एखादं पोस्टकार्ड, पावती, वजनाचा कागद, किंवा 'अमक्या काकाला तिथे ठेवलं होतं' एवढी आठवण असेल, तर ती टाकून देऊ नका, मला कळवा. क्षय म्हटलं की घराघरांत बोलणं बंद व्हायचं. त्या गप्प बसण्यात अर्धा इतिहास अडकलेला आहे.